सापाचे भय आणि फुलाचे भय

१

भयकथेतील नायिका काळोख्या जिन्यावर थबकते, तिच्या अंगावर काटा येतो, आणि समीक्षक लिहितो : आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात हिंस्र पशूच्या चाहुलीने आपल्या पूर्वजांच्या अंगावर जो काटा येत असे, तोच हा. एवढे लिहून झाल्यावर त्या कथेविषयी सांगण्यासारखे फारसे काही त्याच्यापाशी उरत नाही. जिना कोणाच्या वाड्यातला, ती त्या वाड्यात सून म्हणून आली की मोलकरीण म्हणून, माडीवरच्या खोलीला कुलूप कोणी आणि केव्हा लावले, हे प्रश्न त्याला गौण वाटतात. मूळ हाती आल्यावर फांद्या कोण मोजत बसेल, असा त्याचा एकूण आविर्भाव असतो.

गेल्या काही वर्षांत चर्चासत्रांतील निबंधांतून आणि प्रबंधांच्या आराखड्यांतून ही मांडणी मला वारंवार भेटू लागली आहे. परीक्षणासाठी आलेल्या एका आराखड्यात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा, लोककथेतील हडळ आणि दलित आत्मकथनांतील मारहाणीच्या रात्री या साऱ्यांना मिळून एकच प्रकरण दिले होते. प्रकरणाचे शीर्षक होते ‘आदिम भयाचा आविष्कार’. संशोधक विद्यार्थी मेहनती होता आणि त्याने संदर्भही पुष्कळ गोळा केले होते. दोष त्याचा नव्हता. ज्या समीक्षादृष्टीने हडळ आणि लाठी घेऊन दारात उभा राहिलेला जमाव यांना एका खणात ठेवण्याची मुभा त्याला दिली, तिचा होता. प्रस्तुत लेखाचा वाद त्या दृष्टीशी आहे.

ती दृष्टी आपल्याकडे उपजलेली नाही. जोसेफ कॅरल यांचा ‘इव्होल्यूशन अँड लिटररी थिअरी’ हा ग्रंथ १९९५ साली आला. त्यानंतर ‘साहित्यिक डार्विनवाद’ म्हणून ओळखला जाणारा एक पंथच उभा राहिला. भयसाहित्यापुरते बोलायचे तर मथियास क्लासेन यांच्या २०१७ मधील ग्रंथाने त्या पंथाला प्रतिष्ठा दिली. क्लासेन स्वतः संस्कृतीचा आणि काळाचा वाटा नाकारत नाहीत. आपल्याकडे मात्र त्यांच्या मांडणीतील पहिला अर्धा भाग आला आणि दुसरा वाटेतच राहिला.

२

प्रथम विज्ञान काय म्हणते ते पाहू, कारण विज्ञानाच्या नावाने जे सांगितले जाते ते पुष्कळदा विज्ञानात नसते.

डार्विनने १८७२ मधील भावाविष्कारांवरील ग्रंथात स्वतःवर केलेला एक प्रयोग नोंदवला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने तोंड लावले आणि सापाने झेप घेतली तरी मागे हटायचे नाही असा निश्चय केला. साप झेपावला, आणि निश्चय बाजूला राहून तो मागे उडाला. बुद्धीला काच दिसत होती, तरी देहाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. सहजप्रवृत्तीच्या बाजूने याहून चांगला दाखला मिळणे कठीण आहे.

विसाव्या शतकात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० साली एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना लोखंडी कांबीवर हातोडा आपटून उंदराचे भय शिकवले. त्यावरून कशाचेही भय कोणालाही शिकवता येते असा समज रूढ झाला. १९७१ मध्ये मार्टिन सेलिग्मन यांनी तो दुरुस्त केला. माणसे साप, उंची, अंधार यांचे भय चटकन धरतात, पण विजेच्या खटक्याने धक्का बसला तरी खटक्याचे भयगंड सहसा होत नाहीत. म्हणजे शिकण्याला काही दिशा आधीच मिळालेल्या असतात. याला ‘पूर्वसज्जता’ म्हणता येईल.

या वादातील सर्वांत मार्मिक प्रयोग सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८०च्या दशकात माकडांवर केले. प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडे सापाला भीत नाहीत असे त्यांना आढळले. पण रानात वाढलेले माकड सापापुढे भेदरलेले त्यांनी पाहिले की तीही भिऊ लागत. मग चित्रफितीत फेरफार करून तेच भेदरलेले माकड एकदा खेळण्यातल्या सापापुढे आणि एकदा फुलापुढे असल्याचे दाखवण्यात आले. पाहणारी माकडे सापाचे भय शिकली, फुलाचे शिकली नाहीत.

उत्क्रांतिवादी समीक्षक या प्रयोगाचा उत्तरार्ध सांगतात आणि पूर्वार्ध गिळतात. फुलाचे भय शिकवता आले नाही, हे खरे. पण सापाचे भयही दुसऱ्याचा भेदरलेला चेहरा पाहिल्यावाचून आले नव्हते, हेही तितकेच खरे. पुढचे संशोधन याच दिशेने जाते. लिन इस्बेल यांनी २००६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार वानरकुलाच्या तीक्ष्ण दृष्टीच्या घडणीत सापाचा वाटा आहे. २००८ मध्ये व्हेनेसा लोब्यू आणि ज्युडी डिलोश यांनी दाखवले की लहान मुलांना चित्रांच्या गर्दीत साप चटकन दिसतो. २०१७ मध्ये स्टेफनी होएल आणि सहकाऱ्यांना आढळले की सहा महिन्यांच्या अर्भकांच्या बाहुल्या फुलापेक्षा कोळी पाहताना अधिक विस्फारतात. परंतु चटकन दिसणे किंवा बाहुली विस्फारणे म्हणजे भय नव्हे. ती सावधता आहे. मेंदूतील भयाच्या अभ्यासासाठी ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते त्या जोसेफ लेदू यांनीही धोका टिपणारी यंत्रणा आणि भयाची जाणीव या दोन निराळ्या गोष्टी मानाव्यात असा आग्रह धरला आहे.

तात्पर्य, उत्क्रांतीने देहाला दचकणे दिले. कोणाला, कोणापुढे, कशासाठी भ्यायचे, हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून शिकावे लागते. साहित्य हा त्या चेहऱ्यांपैकीच एक आहे. मग साहित्याचा अभ्यास दचकण्यापाशी कसा थांबेल?

३

मराठी समीक्षेला हा मोह काही नवा नाही. के. ना. वाटवे यांनी १९४२ च्या ‘रसविमर्शा’त रसव्यवस्थेची फेरमांडणी करताना आधुनिक मानसशास्त्राचा, विशेषतः मॅक्डूगलच्या सहजप्रवृत्तींच्या सिद्धांताचा आधार घेतला. मॅक्डूगलच्या १९०८ मधील यादीत पलायनाच्या प्रवृत्तीशी भय ही भावना जोडलेली होती. त्यामुळे भयानक रसाला एक शास्त्रीय पाया मिळाल्यासारखे वाटले. वाटव्यांच्या व्यासंगाबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या याद्यांवर हा पाया उभा होता त्यांच्यावर मानसशास्त्रात १९२०च्या दशकातच टीकेची झोड उठली होती. साहित्यशास्त्राने उसनी घेतलेली उपपत्ती मूळ घरी जुनी झाली तरी आपल्या घरी नवीच राहते. आजच्या ‘आदिम भया’चे तसेच होऊ घातले आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा अधिक खोल विचार झालेला आहे, याची आठवण द्यावीशी वाटते. प्राणी जन्मतःच काही मूलभूत वृत्तींनी वेढलेला असतो, असे अभिनवगुप्ताने स्पष्ट म्हटले आहे. रसिकाच्या ठिकाणी अनादी वासना असतात म्हणूनच रसास्वाद शक्य होतो, हा त्याचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. म्हणजे जन्मजात वृत्तींचा मुद्दा दहाव्या-अकराव्या शतकातील या काश्मिरी पंडिताला अमान्य नव्हता. पण तो तेथे थांबला नाही. त्याने उदाहरण घेतले ते ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून पळणाऱ्या हरणाचे. ते भय प्रेक्षकाला ‘माझे’ किंवा ‘त्याचे’ म्हणून जाणवत नाही. देशकालाची बंधने गळून ते आस्वाद्य होते. रानातले भय पळायला लावते, रंगभूमीवरचे भय बसवून ठेवते. हा फरक कसा पडतो हा त्याचा प्रश्न आहे, आणि वासनेचे अस्तित्व ही त्या प्रश्नाची केवळ सुरुवात आहे.

त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. हरणामागे वाघ लागलेला नाही, राजा लागलेला आहे. आणि तपस्वी हात उंचावून राजाला सांगतात की हे आश्रमाचे हरीण आहे, याला मारू नये. त्या क्षणी हरणाचे भय राजाच्या सत्तेच्या मर्यादेचा प्रश्न होऊन बसते. पुढील संपूर्ण नाटकात शकुंतलेच्या वाट्याला जे येणार आहे त्याची सावली त्यावर पडलेली आहे. हरणाच्या जागी केवळ ‘भक्ष्य’ पाहणाऱ्याला हे दिसणे शक्य नाही.

भरताकडे गेलो तर प्रकरण अधिकच उघड होते. भयानकाच्या विभावांत तो अरण्य, ओसाड घर, घुबड-कोल्ह्यांचे आवाज हे सांगतो. येथवर उत्क्रांतिवादी समीक्षक मान डोलावील. पण त्याच यादीत गुरूचा आणि राजाचा अपराध हेही कारण आहे. पुढे तो भयानकाचे तीन प्रकार करतो : व्याजाने दाखवलेले भय, अपराधातून येणारे भय आणि प्रत्यक्ष त्रासातून येणारे भय. तिन्हींपैकी एकच प्रकार देहाच्या प्रतिक्षिप्त क्रियेजवळ जातो. शिवाय भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचे असते असेही भरत बजावतो. हे विधान आपण स्वीकारणार नाही. पण त्यातून एक सत्य निसटून बाहेर पडते : भय समाजात वाटले जाते, आणि कोणी भ्यावे याचे नियम असतात.

४

आता आपल्या भुतांकडे वळू. मराठी भूतसृष्टी हा उत्क्रांतिवादी समीक्षेच्या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा आहे, आणि गंमत अशी की ती समीक्षा तिच्याच आधारे उभी राहू पाहते.

मुंजा कोण? मुंज झालेला आणि सोडमुंजीपूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा. समंध कोण? वारसावाचून, धनावर वासना ठेवून मेलेला ब्राह्मण. खवीस मुसलमानाचे भूत म्हणून सांगितला जातो. अळवंत ही बाळंतपणात मेलेली स्त्री. जखीण ही इच्छा अपुऱ्या ठेवून गेलेली सवाशीण. या यादीत मरणाचे नुसते भय कोठेच नाही. प्रत्येक भूत जात, धर्म, लिंग, संस्कार आणि वारसाहक्क यांच्या एका विशिष्ट गाठीवर बसलेले आहे. उत्क्रांतीला अंधार ठाऊक असेल, मुंज ठाऊक नाही. पिंपळाखालून जाताना ज्याचा पाय अडखळतो तो अंधाराला भीत असेल, पण पिंपळावर त्याने बसवलेले आहे ते अपुऱ्या संस्काराचे मूल. बाळंतिणीचे भूत होते आणि तिला बाळंतपणात मरू देणाऱ्या घराचे होत नाही, यातला अर्थ शोधणे हे समीक्षेचे काम आहे.

यावर उत्तर दिले जाते की भयकथा हा धोक्याचा सुरक्षित सराव असतो. वाघ नसताना वाघापासून पळण्याची रंगीत तालीम. मग माझा साधा प्रश्न आहे : मुंजाची गोष्ट ही कशाची तालीम?

सापाचेच उदाहरण घेऊ, कारण ते त्या पंथाचे आवडते आहे. नागपंचमीची कहाणी घरोघरी सांगितली गेली आहे. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागाची पिले मरतात, नागीण सूड घेते, घर उद्ध्वस्त होते, आणि दूरच्या गावी नागाचे चित्र पूजणाऱ्या लेकीमुळे सारे पुन्हा उठतात. या कहाणीत पहिला घाव साप घालत नाही, माणूस घालतो. भरताच्या परिभाषेत हे त्रासातून आलेले भय नाही, अपराधातून आलेले भय आहे. म्हणूनच त्या दिवशी जमीन नांगरायची नाही, चिरायचे-कापायचे नाही असे नियम आले. सापाच्या भयाचे येथे माणसाच्या हातून घडलेल्या हिंसेच्या जाणिवेत रूपांतर झाले आहे. मूळ एकच धरले तरी या टोकाला त्या मुळावरून येता येत नाही.

आम्हा विदर्भातल्यांना वाघ हा केवळ प्रतीक म्हणून वापरता येत नाही. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्या तारूचे ठाणे आहे, तो वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख होता आणि पुढे देव झाला अशी आख्यायिका आहे. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात ‘टी-१’ किंवा अवनी ही वाघीण मारली गेली तेव्हा तिच्यावर तेरा मृत्यूंचा ठपका होता. शहरांत शोक आणि निषेध झाला, पांढरकवड्याच्या बाजूच्या गावांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. दोन्हीकडच्या माणसांच्या मेंदूंची उत्क्रांती एकच. मग भय दोन का? कारण कपाशीच्या शेतात, गुरांमागे, मोहफुलांसाठी आणि तेंदूपत्त्यासाठी पहाटे रानात कोणाला जावे लागते, हे उत्क्रांतीने ठरवलेले नाही. सापाचेही तेच आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतली. सापाचे चित्र पाहून बाहुली सर्वांचीच विस्फारते, पण अनवाणी पाय सर्वांचे नसतात.

५

या वादाचा निर्णय ज्या एका पाठ्यावर व्हावा असे मला वाटते, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनाचा. मूळ इंग्रजीत असलेले हे लेखन १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. १९१७ मध्ये परदेशातून शिकून परतलेले आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू होतात. कोठेच जागा मिळत नाही म्हणून पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहतात. माडीवर अडगळीने भरलेले मोठे दालन, दिव्यांची सोय नाही, जवळ एक कंदील, दुसरे माणूस नाही, आणि वटवाघळे.

ओसाड घर, अंधार, एकटेपणा, पंखांची फडफड. भरताची यादी आणि उत्क्रांतिवाद्यांची यादी येथे हुबेहूब जुळतात. ‘आदिम भय’ शोधणाऱ्याला याहून चांगला उतारा मिळणार नाही. आणि त्या वटवाघळांनी अंगावर शहारा येई, असे आंबेडकर स्वतः सांगतात. पण लगेच ते त्या शहाऱ्याचे कारणही सांगतात : आपण परक्या जागी, विपरीत परिस्थितीत आहोत, ही जी गोष्ट विसरण्याचा प्रयत्न चालला होता, तिची आठवण ती वटवाघळे करून देत. म्हणजे वटवाघूळ हे भयाचे कारण नाही, आठवणीचे निमित्त आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे जिना चढून येतात तेव्हा भयाचे खरे नाव कळते. वटवाघळांच्या अंधारात माणूस निदान राहू शकत होता. माणसांनी त्याला उजेडात उभे केले आणि बाहेर काढले.

या उताऱ्याचे वाचन शहाऱ्यापाशी थांबवणे म्हणजे त्यातील ‘कारण’ पुसून टाकणे होय. लेखकाने स्वतः शहाऱ्यापासून कारणापर्यंतचा प्रवास करून दाखवल्यावर समीक्षकाने त्याला परत शहाऱ्यावर आणून सोडावे, याला वाचन म्हणता येणार नाही.

आता मिनेका-कुक यांच्या फुलाकडे परत येऊ. प्रयोगशाळेत माकडाला फुलाचे भय शिकवता आले नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत भयाची वस्तू कोणती आहे? साप नाही, अंधार नाही, कडा नाही. जात लपवून परमुलखात रेल्वेच्या नोकरीवर आलेल्या तरुणाला साध्या सलगीच्या शब्दांचे भय आहे. कोण तुम्ही, कुठले, ही आपुलकीची विचारपूस. खोली देऊ करणाऱ्याचे सौजन्य. निरुपद्रवी, जवळजवळ फुलासारख्या गोष्टी. आणि वाचक पानागणिक त्या गोष्टींना भिऊ लागतो, ज्याला आयुष्यात कधी जात चोरावी लागली नाही असा वाचकसुद्धा. देहाच्या पूर्वसज्जतेत ज्याची सोय नाही असे भय भाषा निर्माण करते आणि दुसऱ्याच्या देहात उतरवते. साहित्याचे सामर्थ्य येथे आहे. सापाचे भय दाखवणे कोणालाही जमते. फुलाचे भय दाखवण्यासाठी समाजाचे ज्ञान लागते.

६

माझ्यावर जीवशास्त्र नाकारल्याचा आरोप होईल, म्हणून स्पष्ट करतो. देहाला इतिहास आहे आणि तो लाखो वर्षांचा आहे, हे मला मान्य आहे. वटवाघळाने शहारा आला नसता तर आठवणही तशी आली नसती. आक्षेप मुळाला नाही, मुळाला अर्थ समजण्याला आहे.

हा आक्षेप केवळ पद्धतीचाही नाही. ‘भय आदिम आहे’ या विधानाच्या पाठोपाठ ‘परक्याचे भय नैसर्गिक आहे’ हे विधान येते. तान्हे मूल साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास अनोळखी चेहऱ्याला बुजते, हे खरे आहे. पण ते आजोबांनाही बुजते आणि चार दिवसांत त्यांच्या मांडीवर बसते. कोणता माणूस आयुष्यभर परका राहील, कोणाच्या हातचे पाणी चालणार नाही, कोणाला खोली भाड्याने द्यायची नाही, हे त्याला नंतर शिकवले जाते. बडोद्याच्या जिन्यावर लाठ्या घेऊन आलेल्यांनाही विटाळाचे भय होतेच. दोन्ही बाजूंचे भय एकाच ‘आदिम’ खणात घातले, की मारणारा आणि मार खाणारा सारखेच निसर्गाचे बळी ठरतात आणि कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. नागपुरात, जेथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी शिकवलेले भय टाकून दिले, त्या शहरात मराठी शिकवणाऱ्याने तरी ही समीक्षा मुकाट्याने स्वीकारू नये असे मला वाटते. ते भय निसर्गाने दिलेले असते तर एका दिवसात ते टाकण्याचा निश्चय करण्याला अर्थच उरला नसता.

त्या आराखड्याच्या विद्यार्थ्याला मी अभिप्रायात एवढेच सुचवले की ‘आदिम भयाचा आविष्कार’ हे प्रकरण मोडून त्याची चार प्रकरणे करावीत, आणि प्रत्येकाच्या आरंभी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : भितो कोण, भिववतो कोण, आणि त्या भयावर कोणाचे काय टिकून आहे. अंगावर काटा का येतो, हा चौथा प्रश्न त्याने खुशाल विचारावा. पण तो चौथाच असावा.